अठरा शालींनंतरचा बाजार

वाचकाचे पत्र

आदरणीय ताईंना सप्रेम नमस्कार.

मी छप्पन्न वर्षांची गृहिणी आहे. येत्या एप्रिलमध्ये मी, माझे यजमान आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई असे तिघे जण पाच दिवसांसाठी इस्तंबूलला जाणार आहोत. तिथला कापालीचार्शी हा जुना बाजार पाहायचा असे सासूबाईंनी फार दिवसांपासून मनात धरले आहे, पण मला मात्र त्या विचारानेच धडकी भरते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका देशात रात्रीच्या बाजारात यजमानांची आणि माझी चुकामूक झाली. पाऊण तास आम्ही एकमेकांना शोधत होतो आणि त्याच धांदलीत त्यांच्या मागच्या खिशातले पाकीट गेले. त्याच्या आदल्या दिवशी एका दुकानदाराने आम्हाला बसवून सरबत दिले आणि माझ्यासाठी एकामागून एक अठरा शाली उलगडल्या. मला एकही आवडली नव्हती, पण त्याने इतके श्रम घेतल्यावर नुसते उठून कसे जायचे, म्हणून मी त्यातली एक महागडी शाल घेतली. ती अजूनही किमतीच्या चिठ्ठीसकट कपाटात पडून आहे. यजमान म्हणतात, बाजार वगळू आणि लागेल ते मॉलमधून घेऊ. आम्ही बाजारासाठी रविवार राखून ठेवला आहे. आम्ही जावे का? गेलो तर कोणाचे मन न दुखवता नाही कसे म्हणावे? मी नाही म्हटले की समोरच्याचा चेहरा पडतो आणि तो चेहरा मला रात्री झोपताना आठवतो.

एक वाचक भगिनी

उत्तर

प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

सर्वांत आधी तुमच्या कार्यक्रमातला रविवार बदला, कारण कापालीचार्शी रविवारी बंद असतो. तुर्की भाषेत बाजाराला ‘पाझार’ म्हणतात आणि रविवारलाही ‘पाझार’च म्हणतात, पण शहरातला सर्वांत नामांकित बाजार नेमका त्याच वारी कुलूप लावून बसतो. सोमवार ते शनिवार तो सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास उघडतो आणि संध्याकाळी सातपर्यंत चालू असतो. आत जायला तिकीट लागत नाही. बायरामच्या, म्हणजे ईदच्या, सुट्यांतही तो बंद राहतो, तेव्हा निघण्यापूर्वी तेवढ्या तारखा पाहून घ्या. रविवारी एमिनोन्यू भागातल्या मिसिर चार्शिसी या मसाल्यांच्या बाजारात जा, कारण तो आठवड्याचे सगळे दिवस चालू असतो.

तुम्ही जावे का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की अवश्य जावे. सासूबाईंनी मनात धरलेली गोष्ट आपल्या धास्तीपायी राहून जाऊ नये हे एक कारण झालेच. दुसरे असे की तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या गोष्टींची एकच भीती झालेली आहे आणि त्या सुट्या केल्या तर दोन्हींवर इलाज आहे. चुकामूक आणि पाकीट हा व्यवस्थेचा प्रश्न आहे, तो हॉटेलातून निघण्यापूर्वी दहा मिनिटांत सुटतो. शालीचे मात्र तसे नाही. तुमचे पत्र मी तीनदा वाचले. पाकिटाला तुम्ही एक वाक्य दिले आहे आणि शालीला तीन, यावरून दुखणे कुठे आहे ते मला कळले. तरी आधी सोपा भाग उरकून घेऊ.

कापालीचार्शी या शब्दाचा अर्थ ‘झाकलेला बाजार’. १४५३ साली ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमेदने शहर जिंकले आणि त्यानंतर काही वर्षांतच कापड आणि मौल्यवान माल ठेवण्यासाठी तिथे जाड भिंतींची, घुमटांची एक भक्कम इमारत उभी राहिली. बाजाराच्या स्थापनेचे साल म्हणून सहसा १४६१ सांगितले जाते. त्या इमारतीभोवती दुकाने वाढली, दुकानांच्या गल्ल्या झाल्या, गल्ल्यांवर पुढे छत आले, आणि आगी व भूकंप सोसत, पुन्हा बांधला जात तो आजच्या रूपाला आला. म्हणून आज आत शिरल्यावर एखाद्या इमारतीत आल्यासारखे वाटत नाही, छप्पर घातलेल्या एका छोट्या गावात आल्यासारखे वाटते. साठाहून अधिक गल्ल्या, सुमारे ४,००० दुकाने आणि चहूबाजूंनी वीसच्या आसपास दारे असा त्याचा पसारा आहे. हा पसारा ऐकून घाबरू नका, कारण त्यात एक जुनी शिस्त आहे. एकेका धंद्याला एकेक गल्ली दिलेली होती आणि गल्ल्यांची नावे त्या त्या धंद्यावरून पडली. कल्पाकचिलार ही केसाळ टोप्या करणाऱ्यांची, तेरलिकचिलेर सपाता करणाऱ्यांची, आयनाजिलार आरसेवाल्यांची आणि फेसचिलेर ही फेझ टोप्यांची. १९२५ साली तुर्कस्तानात कायद्याने फेझ घालायला बंदी झाली, तो धंदा बसला, पण गल्लीचे नाव राहिले. कल्पाकचिलारमध्ये आता टोप्या नाहीत, दोन्ही बाजूंना सोन्याच्या बांगड्यांच्या रांगा आहेत. ही बाजारातली सर्वांत रुंद, सरळ आणि उजेडाची वाट. तिच्या एका टोकाला नुरुओस्मानिये दार आणि दुसऱ्या टोकाला बेयाझित दार. ही दोन नावे तिघांनीही पाठ करा, सासूबाईंनीसुद्धा.

पाठ करा हे मी आग्रहाने सांगते, कारण मला त्याची किंमत मोजावी लागली आहे. काही वर्षांपूर्वी माझी बहीण आणि मी त्या बाजारात वेगवेगळ्या गल्ल्या पाहायचे ठरवून निघालो आणि “तासाभराने सोन्याच्या दुकानांजवळच्या मोठ्या दाराशी भेटू” असे बोललो. मी नुरुओस्मानियेच्या दाराशी उभी राहिले आणि ती बेयाझितच्या. दोन्ही दारे मोठी, दोन्हींपाशी सोन्याची दुकाने, दोघीही दिलेल्या शब्दाला जागून आपापल्या जागी खिळून उभ्या. मधे ती एकच सरळ वाट होती, पण माणसांच्या डोक्यांपलीकडे काही दिसत नव्हते. दीड तासाने आम्ही भेटलो तेव्हा बहिणीच्या डोळ्यांत पाणी होते. त्यात बाजाराचा काहीच दोष नव्हता, आम्ही जागेला नाव दिले नव्हते एवढेच.

म्हणून असे करा. हॉटेलातून निघतानाच भेटीची जागा नावानिशी ठरवा, तिघांच्याही खिशात ती कागदावर लिहून ठेवा आणि त्याच कागदावर हॉटेलचे नाव व पत्ता असू द्या. तो पत्ता तुर्की लिपीत, म्हणजे तिथल्या रोमन अक्षरांत, हॉटेलच्या स्वागतकक्षातून लिहून घ्या, म्हणजे टॅक्सीवाल्यालाही दाखवता येतो. त्या जाड छपरांखाली फोनमधला नकाशा पुष्कळदा आपली जागा चुकीची दाखवतो, तेव्हा त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. चुकामूक झालीच तर कोण कोणाला शोधणार हेही आधी ठरवून ठेवा. दोघेही शोधत हिंडले की भेट लांबते, म्हणून सासूबाई आणि तुम्ही असाल तिथे थांबायचे आणि यजमानांनी शोधायचे. दहा मिनिटांत गाठ पडली नाही तर सर्वांनी ठरलेल्या दाराशी जायचे. दुकानदाराला दाराचे नाव विचारले तर तो हातातले काम सोडून दुकानाबाहेर येतो आणि वाट दाखवतो. हा अनुभव मला तिथे एकदा नव्हे, अनेकदा आला.

पाकिटाविषयी फार लिहीत नाही. मागचा खिसा रिकामा ठेवायचा, दिवसभराच्या खर्चापुरते पैसे पुढच्या खिशात, बाकीची रोकड, कार्ड आणि पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या पाउचमध्ये, आणि ते पाउच चारचौघांत उघडायचे नाही. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच की खिसेकापूला सर्वांत सोयीची जागा म्हणजे जिथे गर्दी अचानक तुंबते ती. ट्रामचे दार, बाजाराच्या दारातली सुरक्षा तपासणी, एमिनोन्यूचा भुयारी मार्ग आणि बाजारातून खाली जाणाऱ्या महमूतपाशा रस्त्याचा उतार या चार ठिकाणी हात पर्सवर असू द्या, बाकी वेळ मोकळेपणाने हिंडा. आणखी एक. एखादा बूटपॉलिशवाला तुमच्या पुढून चालताना त्याच्या हातून ब्रश पडेल. यजमान सज्जनपणाने तो उचलून देतील, मग तो उपकाराची परतफेड म्हणून बूट पुसून देऊ लागेल आणि शेवटी भरमसाट पैसे मागेल. ब्रश पडला तर पडू द्यावा आणि पुढे चालावे. खरोखर काही विपरीत घडले तर तुर्कस्तानात सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे.

सासूबाईंसाठी वाट निवडताना थोडा विचार करा. टी-१ ही ट्राम बेयाझित-कापालीचार्शी थांब्यावर थांबते, तिथून दार जवळ आहे आणि आतली कल्पाकचिलारची वाट चालायला सोपी आहे. गर्दी वाढण्याआधी, म्हणजे सकाळी दुकाने उघडताना जा. काही गल्ल्यांच्या तोंडाशी छोटी कॉफीघरे आहेत, तिथे त्यांना बसवून तुम्ही आळीपाळीने हिंडू शकाल. प्रवासी मंडळी बहुधा कापालीचार्शीतून महमूतपाशाच्या रस्त्याने खाली एमिनोन्यूपर्यंत चालत जातात. तो रस्ता पाहण्यासारखा आहे, कारण तिथे पर्यटकांपेक्षा गावातली माणसे जास्त असतात, लग्नाचे कपडे, पडदे, मुलांचे सुंतेचे पांढरे पोशाख असे सारे तिथे मिळते. पण उतार तीव्र आहे आणि गर्दी अंगाला अंग घासणारी असते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो उतार नको. पुन्हा ट्रामने एमिनोन्यूला उतरावे. मिसिर चार्शिसी तिथून पायाशीच आहे आणि काटकोनात जोडलेल्या दोन वाटांचा असल्यामुळे त्यात हरवायला जागाच नाही. सतराव्या शतकात शेजारच्या येनी जामी मशिदीच्या खर्चासाठी तो बांधला गेला, आणि इजिप्तच्या महसुलातून बांधला म्हणून त्याला इजिप्तचा बाजार हे नाव पडले असे सांगतात. तिथे सासूबाई तुमच्यापेक्षा जास्त रमतील अशी माझी खात्री आहे.

आता शालीविषयी.

समोरच्याचा चेहरा पडतो असे तुम्ही लिहिता. तुमच्या मनाचा हा ओलावा मला आवडला, तो घालवा असे मी कधीच सांगणार नाही. पण त्या दुकानदाराच्या जागी क्षणभर उभ्या राहा. तो दिवसभर उभा असतो, त्याला भाडे भरायचे असते, नोकराला पगार द्यायचा असतो. तुम्ही नाही म्हटल्याने त्याचे फारसे बिघडत नाही, दिवसातून शंभर जण त्याला नाही म्हणतात. ज्या गिऱ्हाइकाला पहिल्याच शालीला नको म्हणायचे होते त्याने अठराव्यापर्यंत थांबावे, यात मात्र त्याचा वेळ जातो. लवकर आणि स्पष्ट दिलेला नकार हा त्याच्या वेळेचा मान असतो. तुम्ही भिडेपायी थांबलात, त्याने त्याला आशा समजले आणि म्हणून पुढची शाल काढली. तुम्हा दोघांपैकी कोणीही वाईट वागले नाही, तरी दोघांचाही तोटा झाला.

त्या बाजारात तुम्हाला पावलोपावली ‘बुयुरुन’ असा शब्द ऐकू येईल. त्याचा शब्दशः अर्थ ‘आज्ञा करा’, आणि व्यवहारात ‘या, बसा’. आपल्याला वाटते हा माणूस आपल्यामागे लागला आहे. खरे म्हणजे त्याने रीतीप्रमाणे स्वागत केलेले असते आणि स्वागताला स्वागतानेच उत्तर द्यायचे असते. उजवा हात छातीवर ठेवा, मान किंचित झुकवा, हसून ‘साओलुन’ म्हणा आणि पाऊल न थांबवता पुढे चला. ‘साओलुन’ म्हणजे धन्यवाद, पण त्याचा मूळ अर्थ ‘सुखरूप राहा’ असा आहे. म्हणजे तुमचा नकार हाच एक आशीर्वाद होतो. छातीवरचा हात तिथे सगळ्यांना कळतो. दुकानदार काम करत असेल आणि तुम्ही नुसत्या शेजारून जात असाल तर ‘कोलाय गेलसिन’ म्हणा, म्हणजे ‘काम सोपे जावो’. हे दोन शब्द मी तिथे शिकले आणि माझ्या मनावरचे ओझे उतरले, कारण नाही म्हणताना मी काही हिसकावून घेत नव्हते, काहीतरी देत होते. फक्त नुसती मान हलवून नकार देऊ नका. आपण मान कशी हलवतो यावरून तिथल्या माणसाला होकार की नकार ते नीट कळत नाही. तिथली माणसे नाही म्हणताना भुवया आणि हनुवटी वर करून जिभेने ‘च्’ करतात. ते तुम्ही करू नये, पण कोणी केले तर तो उद्धटपणा समजू नका.

चहाचे काय? मधे बारीक झालेल्या लहानशा काचेच्या पेल्यात लालसर चहा येईल, बशीत साखरेचे दोन खडे असतील. पोऱ्या तो टांगलेल्या गोल थाळीतून, एकही थेंब न सांडता, गर्दीतून घेऊन येतो. हा चहा खरेच पाहुणचाराचा असतो आणि धंद्याचा भागही असतो, दोन्ही एकाच वेळी. त्यात फसवणूक पाहू नका आणि कर्जही पाहू नका. मी माझ्यापुरता एक नियम केला आहे तो तुम्हाला सांगते. जे सांगायचे ते बसण्यापूर्वी सांगायचे. गालिचाच्या दुकानात पाय ठेवताना मी स्पष्ट म्हणते, “आज आम्ही काही घेणार नाही, आम्हाला फक्त पाहायचे आणि शिकायचे आहे.” त्यावर दुकानदार “पाहायला पैसे पडत नाहीत” म्हणाला आणि त्याने चहा मागवला, तर तो त्याने आपल्या खुशीने घेतलेला निर्णय असतो. मग त्याने वीस गालिचे उलगडले तरी माझ्या डोक्यावर त्याचे ऋण नाही. त्याला वेळ नसला तर तो तसे सांगतो आणि आम्ही पुढे जातो. तुमची त्या दिवशीची सगळी अडचण या एका वाक्याने टळली असती.

आणि गालिचे पाहाच. दुकानातला पोरगा गुंडाळी खांद्यावरून उतरवतो, मनगटाला एक झटका देतो आणि सारा गालिचा तुमच्या पायांपर्यंत पसरतो. मग तो एका टोकाला धरून तोच गालिचा उलट दिशेने फिरवतो आणि मघा गर्द तपकिरी-लाल दिसलेला रंग एकदम फिकट, चकाकता दिसू लागतो, कारण गाठींतून निघालेल्या लोकरीच्या टोकांचा कल एकाच दिशेला असतो आणि उजेड त्यांच्यावर दोन बाजूंनी वेगळा पडतो. सासूबाईंना पाठची बाजूही पाहू द्या. हाताने विणलेल्या गालिचाची नक्षी पाठीवरही तितकीच स्पष्ट उमटलेली असते आणि एकेक गाठ मोजता येते.

खरेदीसाठी माझा सल्ला असा की बाजाराला दोन दिवस द्या. पहिल्या दिवशी काहीही घ्यायचे नाही, अगदी किल्लीला अडकवायची निळी मणीसुद्धा नाही. हे तिघांनीही कबूल करून निघा. या एका निश्चयाने तुमच्या स्वभावाला फार मोठा आधार मिळेल, कारण प्रत्येक दुकानापुढे नव्याने निर्णय घ्यावा लागणार नाही, निर्णय सकाळीच झालेला असेल. त्या दिवशी फक्त पाहा, विचारा, आणि मनात भरलेल्या वस्तूचे दुकान, गल्ली आणि सांगितलेला भाव वहीत टिपून ठेवा. एका धंद्याची दुकाने एकाच गल्लीत असल्यामुळे तीन दुकानांत विचारले की अंदाज येतो. रात्री हॉटेलात वही उघडा. ज्या वस्तूची तेव्हाही आठवण येते तेवढीच दुसऱ्या दिवशी घ्या. माझ्या वहीतल्या अकरा नोंदींपैकी रात्री दोनच उरल्या होत्या.

भाव करण्याला तिथे ‘पाझारलिक’ म्हणतात आणि कापालीचार्शीत ते अपेक्षितच असते. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करावी असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. मला तो पटत नाही. काही दुकानदार मुळात रास्त भाव सांगतात, त्यांचा त्याने अपमान होतो, आणि जो चौपट सांगतो त्याच्याकडे निम्मे दिले तरी तुम्ही फसताच. आदल्या दिवशीची वही हाच खरा आधार. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा. जी वस्तू घ्यायची नाही तिचा भाव स्वतःच्या तोंडून सांगू नका. “तुम्ही किती द्याल?” असे तो विचारेल आणि तुम्ही सुटका करून घेण्यासाठी अगदी कमी आकडा सांगाल, तोच तो मान्य करील. त्या बाजारात आकडा सांगणे म्हणजे शब्द देणे, आणि तुमच्यासारखी व्यक्ती शब्द मोडू शकणार नाही. अशा वेळी आकड्याऐवजी ‘साओलुन’ म्हणा.

यजमानांना भावाची घासाघीस आवडत नसेल तर त्यांना सकाळी लवकर न्या. दिवसाच्या पहिल्या विक्रीला तिथे ‘सिफ्ताह’ म्हणतात, म्हणजे आपली भवानी. भवानीचे गिऱ्हाईक परत जाऊ नये अशी भावना तिथेही आहे, त्यामुळे पहिल्या गिऱ्हाइकाला दुकानदार पुष्कळदा आपण होऊन थोडे कमी करतो. आकडा ऐकताना तो लिराचा की युरोचा हे विचारायला विसरू नका, कारण पर्यटकांना बऱ्याचदा युरोत भाव सांगतात. कार्डाने पैसे देताना यंत्रावर लिरा की तुमचे चलन असे विचारले तर लिराच निवडा, नाहीतर रूपांतराचा दर ते यंत्र ठरवते आणि तो तुमच्या हिताचा नसतो. सोन्याच्या दुकानांत मात्र घासाघिशीला जागा थोडी. तिथे वजन, त्या दिवसाचा दर आणि घडणावळ असा हिशेब असतो, म्हणून ग्रॅम किती आणि ‘आयार’ म्हणजे कॅरट किती हे दोन प्रश्न पुरतात.

मिसिर चार्शिसीत केशर पाहून सासूबाई थांबतील. तिथे काही ठिकाणी ‘तुर्की केशर’ म्हणून अगदी स्वस्त, नारिंगी-लाल ढीग मांडलेले असतात. ती करडईची फुले आहेत, तुर्कीत त्याला ‘आस्पिर’ म्हणतात. चिमूटभर तळहातावर घेऊन पाहा. करडईच्या फुलाची पाकळी चिरलेली, कागदासारखी हलकी आणि सपाट दिसते. खऱ्या केशराची काडी गर्द लाल असते आणि एका टोकाला ती छोट्या कर्ण्यासारखी रुंद होत जाते. लोकुम ही तिथली मिठाई वजनावर विकतात. खोका भरायला लागण्यापूर्वीच किती हवे ते सांगा, ‘यूझ ग्राम’ म्हणजे शंभर ग्रॅम. न सांगितल्यास हात सढळ होतो आणि भरलेला खोका परत करायला तुमचे मन धजणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

जुनी नाणी, शिल्पांचे तुकडे, दगड किंवा “फार पुरातन आहे” म्हणून दाखवलेली कोणतीही वस्तू घेऊ नका. १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याने पुरातन वस्तू तुर्कस्तानाबाहेर नेणे गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. वस्तू खरोखर पुरातन असली तर विमानतळावर संकट, नसली तर पैसे पाण्यात. जुन्या गालिचाचा मोह झालाच तर तो बाहेर नेता येतो असे संग्रहालयाचे प्रमाणपत्र दुकानदाराकडून आधी मागा.

आता तुमच्या कपाटातल्या शालीविषयी. ती चिठ्ठी काढा आणि शाल बॅगेत घाला. एप्रिलमध्ये इस्तंबूलच्या सकाळी गार असतात, बॉस्फरसवरून वारा येतो. नुरुओस्मानिये दाराच्या बाहेर त्याच नावाची मशीद आहे, १७५५ साली पूर्ण झालेली, आणि बाजाराच्या गलबल्यातून आल्यावर तिच्या आवारात फार शांत वाटते. सासूबाईंना तिथे थोडा वेळ टेकू द्या. नमाजाची वेळ नसेल तेव्हा आत जाऊन घुमट पाहता येतो, फक्त चपला काढाव्या लागतात आणि स्त्रियांना डोके झाकावे लागते. तेव्हा ती शाल डोक्यावरून घ्या.

तुमची,
ताई